पंगतीतला डावा हात

भुवनेश्वरीचं कौतुक करायला सोलापुरात माणसांची कमी नाही, त्यामुळे मी केलं नाही तरी चालतं. पण तिच्याविषयी नीट सांगू शकेल असं माणूस मीच. भवानी पेठेत सिद्धप्पा मास्तरांच्या हाताखाली आम्ही दोघी एकाच टेबलावर चादरीची डिझाइनं काढायला शिकलो. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत जायचं. मोर असो की वेल, मास्तर अर्धाच काढायला लावायचे. उरलेला अर्धा आरशात दिसावा तसा उलटा होऊन मागावर आपोआप उतरतो. भुवनेश्वरी त्यात पक्की. मला चौकोन कधी मानवले नाहीत. मी डावखुरी, डाव्या हातानं कागदाच्या कडेला माणसांचे हात काढत बसायची. मास्तर म्हणायचे, "वैजयंती, हात काढावा तर तूच. भुवनानं काढलेल्या हातापरीस पळी बरी." हे वाक्य मी आजही जपून ठेवलंय.

पुढे डिझाइनं काँप्युटरवर गेली आणि मास्तरांनी ऑफिस बंद केलं. मी सात रस्त्यावर एका फ्लेक्सच्या दुकानात लागले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला त्यांचे गाल उजळायचे आणि मिशा काळ्या करायच्या, हे माझं चित्रकाम. भुवनेश्वरी घरी बसून टॅबवर चित्रं काढायला लागली, तीही तसलीच, चादरीवरून उठून आल्यासारखी. मोबाइलवर टाकायची. बंगळूरच्या एका प्रकाशनाच्या बाईंनी ती पाहिली आणि तिला मुलांचं पुस्तक दिलं. तिचं कानडी कामाला आलं, असं मी चार जणांना सांगितलं. मग दुसरं पुस्तक आलं. ते हिंदीत होतं. मग मी सांगणं सोडलं.

त्यानंतर तिचं फारच फावलं. कॅलेंडर काय, पुण्याला मुलांची कार्यशाळा काय! दर वेळी पेढे घेऊन यायची आणि "अक्का, तुज्यासंगं शिकले म्हणून जमतंय बग," असं काहीतरी बोलायची. पेढा गोड लागायचा, याचाही मला राग यायचा. मीसुद्धा दोन प्रकाशनांना चित्रं पाठवली होती. एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्यानं ‘छान आहेत’ असं कळवलं आणि तेवढ्यावरच थांबवलं. मला फार काही नको होतं. एक पुस्तक हवं होतं, त्यावर माझं नाव. मग तिनं खुशाल पेढे वाटावेत.

गेल्या उन्हाळ्यात त्या बंगळूरच्या बाईंकडूनच तिला मोठं काम आलं. कुंभारी गावातल्या एका लग्नाची गोष्ट, मराठी आणि कानडीत एकदमच निघणारी. सगळं छपाईला जायच्या दिवशी सकाळी तिनं मधल्या दोन पानांवरचं चित्र मला मोबाइलवर पाठवलं. लग्नाची पंगत होती. पत्रावळीवर शेंगाची चटणी, गव्हाच्या खिरीसारखी वाफाळती हुग्गी, दोन्ही पानांवर ओळीनं बसलेली माणसं. चित्र झकास होतं. इतकं, की मला ते बघवेना. मग खोट शोधायला मी ते मोठं करून पाहिलं, आणि सापडली.

उजव्या पानावरची झाडून सगळी माणसं डाव्या हातानं जेवत होती.

बाईसाहेबांनी चादरीसारखं केलं होतं. पंगतीचं एक पान काढलं आणि दुसऱ्यासाठी तेच उलटं फिरवलं. चेहरे बदलले, पटके बदलले, साड्या बदलल्या, हात तसेच राहिले. मोराला डावं-उजवं चालतं, जेवणाऱ्या माणसाला चालत नाही. लहानपणी पंगतीत डाव्या हातानं घास उचलला म्हणून आत्याच्या चापट्या मी खाल्ल्यात, मला विचारा. मी गप्प बसले असते तर तिचं दोन भाषांत हसू झालं असतं. पण तेव्हा तिचं तोंड मला बघायला कुठं मिळणार होतं? मी दुकानातून सुट्टी घेतली आणि रिक्षा करून तिच्या घरी गेले.

"भुवने, तुज्या पंगतीत पावणे डाव्या हातानं जेवत्यात व्हय गं?"

तिनं टॅबकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिची आई, कमलम्मा, आतून आल्या, चित्र बघितलं आणि "अय्यो देवा" म्हणून खालीच बसल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं. ते टिकलं मात्र नाही, कारण भुवनेश्वरी रडलीच नाही. उठली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"संध्याकाळपत्तुर द्यायचं हाय, अक्का. मला हात येत न्हाईत, तुला ठावं हाय. तू काढ की."

"माजं नाव घालशील?"

"घालते की!"

हात येत नाहीत हे तिनं आईसमोर कबूल केलं, म्हणून मी बसले. चटणीत बुडालेली बोटं, भाकरी मोडणारी मूठ, नातवाच्या तोंडाशी धरलेला आजीचा घास, एकेक हात उजवा करत गेले. शेवटी पंगतीच्या टोकाला एक पोरगी उरली, जरा फेंदारलेल्या नाकाची. मी पेन टेकवणार, तेवढ्यात भुवनेश्वरीनं माझं मनगट धरलं.

"हिचा मी काढते. डावाच ठेवते. ही तू हाईस."

माझ्या हाताकडे बघत बघत तिनं तो नव्यानं काढला. मी रागानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. माझं नाक तसं नाहीच.

पुस्तक आलं. आत तिचं नाव ठळक, आणि खाली बारीक अक्षरात ‘साहाय्य: वैजयंती’. साहाय्य! लग्नात पाण्याचे तांबे भरणारीही साहाय्यच करते.

पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाला बंगळूरच्या बाई स्वतः आल्या. भुवनेश्वरीनं मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "पंगतीतले हात हिनं काढलेत." बाईंनी ते पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि बोट नेमकं टोकाच्या पोरीवर ठेवलं.

"हा हात! असे हात काढत असाल, तर पुढचं पुस्तक तुम्हीच करा."

भुवनेश्वरी नुसती माझ्याकडे बघत राहिली. तो हात आपला आहे असं ती सांगणार नव्हती, हे मला कळलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. माझं पहिलं पुस्तक तिनं काढलेल्या हातावर मिळावं?

"तो हिनं काढलाय," मी म्हणाले. "बाकीचे माझे."

बाईंनी बाकीचे हात पाहिले. "छान आहेत," म्हणाल्या, आणि पुन्हा त्या डाव्या हाताकडे वळल्या. पुस्तकाचा विषय परत निघाला नाही. मग मीही तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. मास्तर असते, तर त्यांनी पळीचं नाव काढलं नसतं.