चार पिक्सेलचा सत्कार

फ्लेक्स लागला तेव्हा ग्रह सापडलेला नव्हता. अमरावतीच्या एका कॉलेजच्या गेटवर बोंडे सरांचा गॉगल लावलेला फोटो, बाजूला शनीसारखी कडी असलेला, कुठून तरी डाउनलोड केलेला ग्रह आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट साइजमध्ये प्रणाली. काम सगळं प्रणालीचं होतं. आणि आमच्याकडे ग्रह नव्हता, चार पिक्सेलचा एक ठिपका होता.

बोंडे सर फिजिक्सचे एचओडी आणि प्रणालीचे पीएचडी गाइड. मी अकोल्याला शिकवते, तिची को-गाइड. म्हणजे प्रणाली शिकायची माझ्याकडे आणि सह्या आणायची त्यांच्याकडून.

जवळच्या एखाद्या ताऱ्याशेजारी ग्रहासारखा मंद सोबती आहे का, हे आम्ही शोधत होतो. साध्या प्रकाशात ताऱ्याच्या झगमगाटापुढे तो दिसत नाही. पण नुकताच तयार झालेला, अजून गरम असलेला सोबती इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णतेच्या किरणांत, बरा चमकतो. परदेशी दुर्बिणींचा डेटा नेटवर मोफत मिळतो, प्रणाली तोच घेऊन बसायची. त्या फोटोंत ताऱ्याभोवती डागच डाग असतात, पण ते दुर्बिणीचे स्वतःचे. म्हणून दुर्बीण अशी चालवतात की एकामागून एक फोटोंत आकाश गोल फिरतं आणि डाग जागेवर राहतात. जागेवरचं सगळं वजा करायचं, उरेल ते आकाशातलं. आमचा ठिपका उरला.

पण आकाशातला म्हणजे त्याच ताऱ्याचा, असं नाही. फार मागे असलेला भलताच तारा शेजारी दिसू शकतो. जवळचा तारा काही वर्षांत किंचित सरकतो. खरा सोबती त्याच्याबरोबर सरकणार, परका मागे राहणार. त्यासाठी काही वर्षांनंतरचा दुसरा फोटो लागतो. तो दुसऱ्या एका टीमने काढला होता आणि सगळ्यांसाठी खुला व्हायला तीन आठवडे बाकी होते. बोंडे सरांना तेवढाही धीर निघेना.

"म्याडम, संस्थेच्या अध्यक्षांची तारीख भेटली हाये," ते फोनवर म्हणाले. "तुमी काहून एवढं ताणून राहिल्या?"

"सर, तो ग्रह आहे की नाही ते कळायचंय अजून."

"ठिपका दिसते ना? मंग!"

प्रणालीला त्यांनी वेगळं बोलावलं. "बेटा, थिसिसच्या नावात 'ग्रहाचा शोध' टाक. नाई तं माही सही भेटत नाई."

प्रणाली सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. पीएचडीशिवाय पक्की नोकरी नाही. खोटा ग्रह घातला तर बाहेरचा परीक्षक थिसिस परत पाठवणार, नाही घातला तर सही नाही. असल्या गाइडपेक्षा गाइड नसलेला बरा, असं मी तिला म्हणाले. ती हसलीसुद्धा नाही.

फोटो शुक्रवारी खुला झाला, सत्कार रविवारी होता. शनिवारी दुपारी जठारपेठेत माझ्या घरी तिने दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. तारा सरकला होता. ठिपका होता तिथेच.

मी लगेच बोंडे सरांना फोन लावला.

"हॉल बुक हाये, म्याडम. हार आले. ग्रह सोमवारी कॅन्सल करू ना!"

मला संताप आला. वीस वर्षं फिजिक्स शिकवणारा माणूस हे बोलत होता.

रविवारी भाषणं झाली. शेवटी प्रणालीला माइक दिला. "हा ग्रह नाही. मागचा तारा आहे," ती म्हणाली.

बोंडे सर खुर्चीतून अर्धे उठले. अध्यक्ष दादासाहेब बार्शीटाकळीचे शेतकरी. त्यांनी सरांना हातानेच बसवलं. "कावून नाई, बाई? नीट सांग."

"दादासाहेब, एसटीत शेजारचा माणूस आपल्यासंगच येते. खिडकीतली बाभूळ मागं राहते. हा ठिपका मागं राह्यला."

दादासाहेबांना तेवढं पुरलं. ते सरांकडे वळले. "मंग बोंडे, हे शाल तुमी बाभळीले आणली काय?"

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने बोंडे सर हसले, ती कला त्यांना अवगत होती. दादासाहेबांनी शाल प्रणालीच्या खांद्यावर घातली आणि माइकवरच विचारलं, "हिची पीएचडी कधी?"

"झालीच समजा, दादासाहेब!" बोंडे सर म्हणाले.

सोमवारी सकाळी मी प्रणालीला फॉर्म घेऊन बोंडे सरांच्या केबिनमध्ये पाठवलं. थिसिसच्या नावात ग्रह कुठेच नव्हता. त्यांनी न वाचता सही केली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता, "दुसरा फोटो पाहिलात का?" तिने तो समोर ठेवला. त्यांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच पीएचडीच्या शिफारशीवर सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

दुसरा फोटो आल्याशिवाय नारळ फोडू नये, एवढं मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. एचओडींना सांगत नाही. बोंडे सरांच्या बायोडेटात तो ग्रह अजून आहे.