खारं म्हणजे कोणतं

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या रस्त्यावर खेमराजचं दुकान आहे. पाटी नाही. ज्याचं डिझेल इंजिन बिघडलं तो विचारत विचारत येतोच. धानाच्या बांधावरचे पंप, मळणीयंत्रं, ट्रॅक्टर, तीस वर्षांत त्यानं सगळं खोललं. आधी इंजिन ऐकायचं, मग पाना हातात घ्यायचा, ही त्याची रीत. त्यानं मान हलवली की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा.

नावेचं इंजिन मात्र त्यानं यंदापर्यंत पाहिलं नव्हतं. धरणाचं पाणी मागं फुगलं, वैनगंगा रुंद झाली, आणि भैय्यालालनं रत्नागिरीकडची एक जुनी नाव ट्रकवर घालून आणली. पोटातच इंजिन बसवलेली. पलीकडच्या गावांतली माणसं न्यायची-आणायची, असा त्याचा बेत. भैय्यालाल हा खेमराजचा शाळेपासूनचा दोस्त. इंजिन दुसऱ्या कोणाकडं जाणारच नव्हतं.

विकणाऱ्यानं फोनवर खरं तेच सांगितलं होतं. "मागं एकदा आत खारं पाणी शिरलं होतं. तेवढं बघून घ्या."

खेमराज हसला होता. "खाऱ्या पाण्याचं आमाले काय सांगता जी! आमची अर्धी बोर खारीच हायेत."

इथं बोरच्या जड पाण्याला खारं म्हणतात. त्यात डाळ शिजत नाही. बादलीला पांढरा थर चढतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा त्याच थरानं बुजतात. उपाय ठरलेला. वाटांमध्ये पातळ अ‍ॅसिड सोडायचं, थर विरघळला की धुऊन काढायचं. खेमराजनं तेच केलं. तेल एकदा बदललं. धूर बाहेर नेणाऱ्या नळाचा वाकडा तुकडा गंजून सडला होता. तो अंगणात फेकला, नवा बसवला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. खेमराजनं कान दिला आणि मान हलवली.

आठ दिवस नाव चालली.

नवव्या दिवशी सकाळी त्याची बायको रंभाबाई अंगणातून ओरडली. "अजी, या बकरीले पाहा तरी. चार रोजापासून लोखंड चाटून राहिली. येडी झाली का?"

"तुह्या हातच्या भाजीपरस बरं लागत असंन."

"मग तुम्ही बी चाटा!"

तो हसत बाहेर आला. बकरी त्या गंजक्या नळाला सोडत नव्हती. त्यानं तुकडा उचलला. आतून पांढरे कण धरले होते. बोरच्या पाण्याचा थर बकरी कधी चाटत नाही. त्यानं बोट लावून जिभेवर टेकवलं.

मीठ.

त्यानं रत्नागिरीला फोन लावला. "तुमी खारं म्हणलं होतं. खारं म्हणजे कोणतं?"

"अहो, समुद्राचं. आणखी कोणतं?"

"आन् आत म्हणजे कुठं?"

"धुराच्या नळातून उलटं आलं. सिलिंडरमध्ये, तेलात, सगळीकडं. का हो, खोललं नाहीत?"

खेमराजनं फोन ठेवला. जिथं पाण्यानं फिरायचं असतं तेवढंच त्यानं धुतलं होतं. जिथं पाण्याचा थेंब जायला नको, ते उघडलंच नव्हतं. तिथं मीठ आठ दिवस पोलाद खात होतं.

तो घाटावर पोचला तेव्हा नाव भरली होती. पलीकडं तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण होतं. वीसेक माणसं, डब्बे, पिशव्या. मयताची बहीण चंद्रभागाबाई पुढंच बसली होती.

"भैय्या, उतरव साऱ्याइले."

"काहून बे? तुले जागा नाई भेटली म्हणून?"

"इंजिन खराब हाय."

भैय्यालालनं इंजिन लावलं. "आइक. तूच पास केलं ना?"

खेमराजनं ऐकलं. आवाज स्वच्छ होता. त्याला कुठं खोट सापडेना.

"मी चुकलो," तो म्हणाला. "खारं म्हणलं त मले बोरचं वाटलं. ते समुद्राचं होतं."

"भंडाऱ्यात समुद्र कुठून आला जी?" मागून कोणीतरी म्हणालं. नाव हसली. भैय्यालालही हसला आणि दोर सोडायला वाकला.

खेमराज नावेत चढला. इंजिन बंद केलं, खाली डबा धरला आणि तेलाचा बोल्ट सोडला. तेल काळं आलं नाही. दुधाच्या चहासारखं आलं, त्यात विटकरी कण. हसणं थांबलं. मग त्यानं बाजूचं झाकण काढून आत हात घातला. गुळगुळीत असायला हवा होता तो फिरता दांडा बोटांना खडबडीत लागला, देवी आलेल्या तोंडासारखा.

"किती रोज चाललं असतं?" भैय्यालालनं विचारलं.

"अजून आठ रोज. नाई त आजच मधात थांबलं असतं."

नदीच्या मध्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. बुडालेल्या गावाची झाडं तिथं पाण्याखाली उभी आहेत आणि धार ओढते.

माणसं उतरू लागली. सडकेनं दोन तास. पोचेपर्यंत पंगत उठून जाईल. चंद्रभागाबाई शेवटी उठली. काठावर पाय टेकवून ती थांबली.

"माही नातीन आठ रोज याच नावेनं शाळेत गेली, खेमराजभाऊ."

आवाज चढलेला नव्हता. खेमराजनं खिशातून मोटारसायकलची चावी काढून भैय्यालालच्या हातात दिली. "बाईले पोचवून दे. मी हे खोलतो तवर. पूर्ण खोलतो."

भैय्यालालनं बाईला मागं बसवलं. तिची पिशवी हँडलला अडकवली. गाडी चालू केली, मग बंद केली.

"खेमराज," तो म्हणाला. एरवी तो त्याला नावानं हाक मारत नसे. "मी येतवर त्याले हात नोको लावू. माह्यासमोर खोल."

गाडी चढावर दिसेनाशी झाली. खेमराजनं पाना फळीवर ठेवला आणि तो उघड्या इंजिनासमोर बसून राहिला.