टेलकडून विचारायची भाषा

तात्या सोमवारी वारले. मंगळवारी बारामतीच्या आमच्या पाटबंधारे ऑफिसात त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि पडद्यावर पाण्याच्या पाळीचे पान उघडे होते.

तात्या इंदापूरकडचे, कालव्याच्या अगदी टेलचे; हेडला, म्हणजे सुरुवातीला, पाणी आधी मिळते, टेलला सर्वांत शेवटी. वेबवर पाळीची माहिती एकात एक डबे ठेवावेत तशी असते: कालव्यात चारी, म्हणजे त्याचा फाटा, चारीवर दार, दाराखाली शेतकरी. त्यातून नेमके हवे ते मागायला संगणकाची एक भाषा लागते. ती तात्या घडवत होते; तिचे शब्द निवडायला मी सोबत बसे. रूढ भाषांत प्रश्न कालव्यापासून खाली उतरतो. तात्यांच्या भाषेत तो शेतकऱ्याच्या नावापासून वर चढे.

"बाई, पाणी वरनं खाली जातं. प्रश्न खालनं वर येतो." त्यांच्यासोबत एक चहा घेतलेल्यानेही हे ऐकलेले असणार.

कोऱ्या उत्तराची त्यांना चीड होती. "कोरं दिसलं की टेलचा माणूस पाणी न्हाय आसं समजतो आन् घरी जातो."

पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांना पटेना. "तात्या, सगळं जग वरून विचारतं."

"जग हेडला राहत असंल, साहेब. आमी टेलला."

शेवटी कोणती भाषा ठेवायची हे शेतकऱ्यांसमोर ठरवायचे झाले. इंदापुरातल्या बैठकीत एका आबांनी आपली पाळी विचारली. रूढ भाषेने कोरे पान दाखवले.

"म्हंजी औंदा पाणी न्हाय?" आबा उठू लागले.

तात्यांनी त्यांना हाताने बसवले आणि तोच प्रश्न आपल्या भाषेत घातला. ती आबांच्या नावावरून दारापर्यंत चढली आणि थांबली. पडद्यावर आले: "इथपर्यंत सापडले. पुढचे अजून कुणी लिहिलेले नाही."

"दार उघडणाऱ्या पाटकऱ्यानं तारीख भरली न्हाय, आबा. पाणी न्हाय असं न्हाय."

आबांनी तिथूनच पाटकऱ्याला फोन लावला. "आरं, हितं संगणक बी तुझ्या नावानं खडं फोडतुया!"

साहेबही हसले. तात्यांची भाषा राहिली.

ते गेल्यावर मात्र ती चालवणारे कुणी नव्हते. मला तिचे शब्द येत होते, आतले काम येत नव्हते. पुण्याने रूढ भाषा बसवली. मी एवढेच मागितले: कोरे पान देऊ नका.

आता पाळीचा प्रश्न वरून खाली जातो. कुठे अडला, तर पडद्यावर तात्यांचे वाक्य येते. इथपर्यंत सापडले. पुढचे अजून कुणी लिहिलेले नाही.