न थकणारा पूल

झरी जामणीच्या अलीकडच्या नाल्यावर माझा पूल आहे. माझा म्हणजे माझ्या गळ्यात बांधलेला. त्याच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया नाहीत, काचतंतूंच्या आहेत. त्या गंजत नाहीत. त्यांच्यासोबत केसासारखी बारीक काचेची तार पुरली आहे. पुलावर ताण आला की ती तार काठावरच्या खोलीतल्या पेटीला सांगते, आणि पेटी मला. पूल कधी थकतो हे पेटीवर पाहायला मी इथे आले ती सहा महिन्यांसाठी. लेक तेव्हा पहिलीत होती, आता पाचवीत आहे. पुसदला बापाजवळ राहते. नोकरी सोडावी तर घर चालत नाही, धरावी तर घर दिसत नाही.

बदलीचं विचारलं की साहेब हसतात, "मॅडम, पूल थकला की तुम्ही सुटल्या." हा पूल आमच्या नातवंडांनाही थकलेला दिसायचा नाही! लेकीच्या कानावर हे गेलं असावं. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, तुझा पूल पडला का गं?" मी रागावायची. पण खरं सांगते, रोज सकाळी पेटीपुढे बसताना मीही तेच विचारायची.

धुळवडीच्या सकाळी पेटीवरची सरळ रेघ एकदम उसळली. एवढी कधीच उसळली नव्हती. मला भीती वाटायला हवी होती, पण झाला आनंद. चपला न घालताच मी धावले.

पुलावर शेजारच्या तांड्यातल्या बाया गोल धरून होळीची लेंगी गात नाचत होत्या. तांड्यात जिकडेतिकडे धोंडे. सपाट जागा काय ती एवढीच. सगळ्यांचे पाय एका तालात आपटत होते, म्हणून रेघ उसळत होती. मी कठड्याला टेकले आणि मला रडूच कोसळलं.

एका म्हातारीनं नाच थांबवला. "काहून रडून राह्यल्या, बाई? पुलाले काही झालं काय?"

"काहीच नाही झालं."

"मंग चांगलंच हाये ना!" म्हणत तिनं मला हाताला धरून गोलात ओढलं. मी नाचले. चिडून, होता नव्हता तेवढा जोर लावून टाचा आपटल्या. खोलीत परतून पाहिलं तर रेघ पुन्हा सरळ.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. कुणाला रंग लावला, कोण चिखलात पडलं, सगळं सांगितलं. पुलाचं मात्र विचारलं नाही. मी वाट पाहिली. शेवटी मीच म्हणाले, "पूल ठीक आहे गं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि फोन बापाकडे दिला.