दहा गुडघे आणि ठिपकेबाई

ठिपकेबाईंचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपुस्तकापुरतंच उरलं होतं. ग्रंथालयामागच्या चिंचोळ्या खोलीत त्या बसायच्या. संशोधनाचे आकडे घेऊन कुणीही आलं, मग ती शिकाऊ नर्स असो की नावाजलेला सर्जन, बाई आलेखकागद पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "काढा ठिपके. एका माणसाचा एक." टेबलावर संगणक होता, तो त्यांना उत्तम चालवताही यायचा, पण ठिपके काढून होईपर्यंत त्याच्यावरचं कापड निघत नसे.

हा हट्ट उगाच आलेला नव्हता. पंचविशीत त्या बल्बच्या कारखान्यात तपासनीस होत्या. एकदा त्यांनी नमुन्याच्या बल्बांची सरासरी काढली, तिचा झकास रंगीत स्तंभ करून साहेबांना दाखवला आणि माल रवाना झाला. निम्मे बल्ब आठवड्याभरात गेले. उरलेले जायचं नाव घेईनात. नमुन्यातही नेमकं हेच होतं, पण त्या रंगीत स्तंभाच्या पोटात दडून गेलं होतं. साहेब फारसं बोलले नाहीत, तरी बाईंनी ते मनाला लावून घेतलं. नवरा शिंपी. तो म्हणाला, "अगं, दोन गिऱ्हाइकांच्या मापांमधलं माप काढून सदरा शिवला, तर तो दोघांनाही होत नाही. एवढंच झालंय." बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर त्यांनी संख्याशास्त्राची पदवी घेतली ती नोकरी, घर आणि मुलगी सांभाळत, सहा वर्षं रखडत.

एका सकाळी गुडघ्यांच्या विभागातली फिजिओथेरपिस्ट घाईघाईने आली. तिशीतली, कामाला वाघ, पण संशोधन पहिलंच.

"बाई, एक स्तंभालेख हवाय फक्त. मोठ्या डॉक्टरांना परिषदेत लावायचाय. पाच मिनिटांचं काम आहे."

"किती आकडे?"

"दहा. ऑपरेशननंतर कितव्या दिवशी पेशंट एकटा जिना चढला, ते दिवस. सरासरी बरोब्बर वीस. आणि डेटा नॉर्मल आहे, मी टेस्ट लावली. पास झाली."

नॉर्मल म्हणजे बहुतेक आकडे मधोमध गोळा झालेले आणि दोन्ही टोकांना विरळ होत गेलेले, घंटेसारखे. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"दहाच जण असले ना ताई, की ती टेस्ट डुलक्या काढत असते. मला काही वावगं दिसलं नाही, एवढंच ती म्हणते. सगळं ठीक आहे असं कुठे म्हणाली?"

"मग हिस्टोग्राम काढू?"

"काढा की. दिवसांचे दहा-दहाचे गट करा. एक ते दहा, अकरा ते वीस, असे."

तिने मोजलं. एक, चार, चार, एक. छान गुबगुबीत टेकडी झाली. तिचा चेहरा उजळला.

"आता गट पाचपासून सुरू करा. पाच ते चौदा, पुढे पंधरा ते चोवीस, तसंच."

चार, दोन, चार. टेकडीच्या जागी मधोमध खड्डा पडला.

"हे काय? आकडे तर तेच आहेत!"

"तेच आहेत. थोड्या आकड्यांचा हिस्टोग्राम हा असा, आपण कुठून कापतो त्यावर रंग बदलतो. म्हणून म्हणते, ठिपके काढा."

ती जरा फुरंगटूनच बसली. नऊ, अकरा, बारा, चौदा, सोळा. मग चोवीस, पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस, तेहतीस. शेवटचा ठिपका दिला आणि पेन्सिल हातातच राहिली. डावीकडे पाच, उजवीकडे पाच, आणि मधे ओसाड माळ. वीस त्या माळाच्या बरोब्बर मधे.

"बाई, विसाव्या दिवशी तर कुणीच चढलं नाही!"

"नाहीच. आणि मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, काढलात तरी तोही वीसच येईल. आता मला सांगा, हे पाच कोण आणि ते पाच कोण?"

ती ठिपक्यांवर बोट ठेवत गेली. "हे नऊवाले निवृत्त पोस्टमन. तिसऱ्या मजल्यावर राहतात. अकरावाल्या शिक्षिका, त्या दुसऱ्यावर. बारा… त्याही वरच्या. चौदा, सोळा…" ती थांबली. "बाई, हे पाचही जण वरच्या मजल्यांवरचे. लिफ्ट नाही. ते रोज कठड्याला धरून, कुणाच्या तरी आधाराने का होईना, जिना चढत-उतरत होते. आणि उरलेल्यांतले चौघं तळमजल्यावरचे! चोवीसवाले तेवढे वर राहतात, पण…" तिने कपाळावर हात मारला. "त्यांच्याकडे लिफ्ट आहे."

बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. "ही शंका झाली. दहा माणसांवर निकाल देऊ नका. पण शंका गोड आहे."

दुपारी मोठे डॉक्टर तणतणत आले. "परिषदेत ठिपके न्यायचे? लोक म्हणतील, यांना ग्राफ काढता येत नाही!"

"डॉक्टर, वीस दिवसांच्या आसपास जिना चढलेला एक पेशंट दाखवा. लगेच स्तंभ काढून देते."

त्यांनी कागद ओढून घेतला, उभ्याउभ्याच पाहिला, मग खुर्ची सरकवून बसले. "सोळा आणि चोवीसच्या मधे एकही नाही?" फिजिओताईने मजल्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी एकेका ठिपक्यावर बोट ठेवून पाहिलं. शेवटी म्हणाले, "आपण त्यांना जपून चाला सांगतो, आणि ते बिचारे जपूनच बसतात."

परिषदेला ठिपके गेले. इकडे फिजिओताईने सुताराकडून कठडा असलेल्या तीन-तीन पायऱ्या करून घेतल्या आणि तळमजल्यावरच्या नव्या पेशंटांच्या घरी त्या पोचवू लागली. आठ महिन्यांत असे दहा जण झाले. सातजण अठरा दिवसांच्या आत जिना चढले; तिघं मात्र रेंगाळलेच. फिजिओताई नाचायची बाकी होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या उत्साहानेही बरे झाले असतील. पुढचे वीस मोजा." पण घरी जाऊन नवऱ्याला त्यांनी सगळी गोष्ट दोनदा सांगितली.

परिषदेहून परत आलेला ठिपक्यांचा तक्ता विभागाच्या बाहेर लावला होता. त्यावर नावं नव्हती, पण आपण कितव्या दिवशी चढलो ते जो तो जाणून होता. एकदा बाई तिथून चालल्या होत्या, तर एक जाडजूड बेकरीवाले आजोबा नाक टेकेल इतक्या जवळून तक्ता न्याहाळत होते.

"हा तेहतीसवाला मी," ते म्हणाले. "एका टोकाला एकट्यालाच बसवलंय मला."

"तुम्ही चढलात तेव्हाच बसवलं, आजोबा."

"ते खरं. पण जरा मोठा तरी काढायचा होता. किती घाम गाळलाय मी त्याच्यासाठी!"

"सगळे सारख्याच मापाचे काढावे लागतात हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहून त्यांनीही तो ठिपका पुन्हा एकदा नीट पाहिला.