बालाघाटचा हुकूम आणि बाबांचा अंगठा

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला आमच्या दारात कोर्टाचा बेलीफ आला, तेव्हा मी एका ब्लाऊजला हुक लावत बसले होते. ऐंशी सालानंतरची गोष्ट... मी तेवीस वर्षांची, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतलेली आणि शिलाईवर स्वतःचं पोट भरणारी!

बेलीफच्या हातात मध्य प्रदेशातल्या बालाघाट कोर्टाचा हुकूम होता. माझं सासर तिकडचंच; नवऱ्याने तिथे परस्पर दावा लावून जिंकला होता... बायकोने नांदायला यावं, नाहीतर तिची मालमत्ता जप्त. आता माझी मालमत्ता काय, तर ही शिलाई मशीन!

माझा असा पारा चढला म्हणता! "मले कायले नाही बोलावलं कोर्टात?" बेलीफ बिचारा कागद चाळून म्हणाला, "समन्स तं भेटला ना बाई तुमाले. हा काय तुमचा अंगठा." आठ दिवसांनी मशीन उचलायला येतो, असं सांगून तो गेला.

अंगठा? माझा? अहो, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी ठरवलं होतं, आपण लावला तो लावला, पोरं अंगठा लावणार नाहीत. मजुरी करून त्यांनी मला मॅट्रिक केलं. सासरी मात्र हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन भंडारा कोर्ट गाठलं. तिथले वकीलसाहेब म्हणाले, हुकूम बालाघाटचा, तो रद्द होईल तिथेच. इथल्या कोर्टाने जप्ती तेवढी काही दिवस थांबवली. मग काय, गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने थेट बालाघाट!

तिथे मी मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवलं आणि जजसाहेबांसमोर ठसठशीत सही केली. सासरच्या पत्त्यावर समन्स नेणारा शिपाई गडबडलाच... "साहब, घर में जो बाई थी, उसी का अंगूठा लिया." सासरच्या घरात बाई एकच, माझी सासू!

एकतर्फी हुकूम रद्द झाला, मशीन वाचली. पुढच्या तारखांना नवरा फिरकलाच नाही, त्याचा दावाही फेटाळला गेला.

पण मला आठवतो तो हुकूम रद्द करायला बालाघाटला दिलेल्या आमच्या अर्जाचा कागद. त्यावर बाबा साक्षीदार होते. मी सही केली, कारकुनाने शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि बाबांनी माझ्या सहीखाली अंगठा उमटवला.

बोट धोतराला पुसत म्हणाले, "पोरी, हा आपल्या घरचा शेवटचा."

खरंच शेवटचा ठरला, बाबा...