आधी सुट्टी, मग हंगाम

त्या बेटावर जायला चांगला हंगाम कुठला, असं कुणी विचारलं की तीन नंबरच्या तोंडाला कडू पाणी सुटायचं. दिवसातून वीस वेळा हाच प्रश्न. विचारणारे बदलत, भाबडेपणा तोच. आणि काउंटरच्या अलीकडून जाणारं उत्तरही तेच, म्हणजे धादांत खोटं.

तीन नंबर म्हणजे ती स्वतः. प्रवास कंपनीच्या तीन नंबरच्या काउंटरवर बावीस वर्षं बसल्यावर बाईला दुसरं नाव उरत नाही. एक नंबरवरचा माणूस दर चार महिन्यांनी पळून जायचा, दोन नंबरवाली दिवसभर फोनवर नवऱ्याशी भांडायची, आणि गाडा ओढायची तीन नंबर. मालक वरच्या काचेच्या खोलीत बसून शेंगदाणे खायचा आणि टरफलं कुंडीत टाकायचा. कुंडीतलं झाड कधीच मेलं होतं. टरफलं मात्र अजून पडत होती, आणि ती उपसायचं काम कुणाचं, हे सांगायला नकोच.

ह्या मालकाचा एक नियम होता. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तो तोंडपाठ करावा लागे: आधी सुट्टी, मग हंगाम. गिऱ्हाईक म्हणालं, "कधी जावं?" तर उत्तर द्यायचं नाही. हसायचं आणि विचारायचं, "तुमची सुट्टी कधी आहे?" तो म्हणाला मार्च, तर म्हणायचं, "अगदी बरोबर वेळ साधलीत." म्हणाला ऑक्टोबर, तरी तेच. ऑक्टोबरात तिथे वादळात पत्रे उडतात, उडू देत. त्यासाठी ड्रॉवरमध्ये बारा महिन्यांची बारा रंगीत कार्डं होती, आणि प्रत्येक महिना बाराही महिन्यांत सर्वोत्तम होता. देवाने वर्ष केलं तेव्हा त्यालाही एवढं जमलं नसेल.

कार्डांवरचा मजकूर तीन नंबरनेच लिहिलेला. भाषा बरी म्हणून मालकाने तिच्या गळ्यात घातलेलं काम. ऑगस्टच्या कार्डावर तिने लिहिलं होतं, "गर्दी नाही, गडबड नाही. निसर्ग अगदी तुमच्या पायाशी." हे लिहिताना तिला हसू आलं होतं. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली, पण ते पुढे.

कारण ऑगस्टमधलं बेट तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने काउंटरवरच्या लोकांना आठ दिवस फुकट पाठवलं होतं, तेही ऑगस्टमध्येच, कारण तेव्हा हॉटेलं ओस असतात. का ओस असतात ते पहिल्या सकाळी खिडकी उघडल्यावर कळलं. जुलै ते सप्टेंबर समुद्र किनाऱ्यावर तपकिरी गवत आणून टाकतो. ढीगच्या ढीग. ते उन्हात सडतं आणि नासक्या अंड्यांचा वास सुटतो. हा वास नाकात येऊन थांबत नाही, घशात बसतो, पाण्याच्या ग्लासात बसतो, उशीत बसतो. तिच्या कानातल्या चांदीच्या कुड्या दोन दिवसांत काळ्याठिक्कर पडल्या. वर माश्या, आणि गवतात वळवळणारे पांढरे किडे. रोज पहाटे एक ट्रॅक्टर येऊन गवत ढकलायचा आणि दुपारपर्यंत समुद्र तेवढंच परत द्यायचा. भिंतींना बुरशी, टॉवेल ओले, आणि दोन नंबरवाली तर चार दिवस फक्त ओकत होती. शी! जानेवारी ते एप्रिल हेच काय ते चांगले महिने. बाकी सगळा तोंडाला पानं पुसायचा धंदा. हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती ऑगस्ट विकत होती. पहिली काही वर्षं जीभ अडखळायची. मग अडखळेनाशी झाली.

आता ताईबद्दल सांगायला हवं.

ताई तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती, आणि तिचं पुढचं सगळं, वेणीफणीपासून परीक्षेच्या फीपर्यंत, ताईने केलं. ते तिने केलं इस्पितळाच्या धुलाईघरात राबून. धुलाईघर तळघरात. खिडकी नाही. वरच्या सगळ्या मजल्यांवरच्या चादरी गाडीत घालून खाली ढकलल्या जात: रक्ताच्या, पुवाच्या, हगवणीच्या. ताई चौतीस वर्षं त्या चादरी हातांनी वेगळ्या करत होती. बाकी बायका नाकाला फडकं बांधत. ताईला फडक्यात श्वास कोंडायचा, म्हणून ती उघड्या नाकाने उभी राहायची. लग्न केलं नाही. घरी आली की तासभर साबणाने हात घासायची आणि मग हातांचा वास घेऊन बघायची. तक्रार करणं तिच्या रक्तातच नव्हतं. एकदाच, धाकटीशी बोलता बोलता ती म्हणाली होती, "मला काही बघायचं नाही गं. आठ दिवस कुठेतरी वाऱ्यावर बसायचंय. जिथे कसलाच वास येत नाही अशा ठिकाणी."

तर एका सोमवारी, ऐन गर्दीत, ऑफिसच्या फोनवर ताईचा फोन आला. तीन नंबरच्या पुढ्यात एक जोडपं हुज्जत घालत होतं, मागे सात माणसं, पेन तोंडात, फोन मानेत. ताई म्हणाली की तिने हिय्या केलाय, त्या बेटावर जायचंच, तर कधी जावं. आणि तीन नंबरने काय करावं? तिने विचारलं, "तुमची सुट्टी कधी आहे?"

ताई हसली. म्हणाली, अगं मी बोलतेय. तीही हसली, हो गं ताई, सुट्टी कधी ते सांग ना. ताई म्हणाली, तिला काय, मागेल तेव्हा मिळेल. चौतीस वर्षांत घेतलीय कुठे? पण ऑगस्टमध्ये निम्मी यंत्रं तपासणीसाठी बंद असतात, तेव्हा गेलं तर बाकीच्या बायकांवर भार पडणार नाही.

"मग ऑगस्टच," तीन नंबर म्हणाली. "अगदी बरोबर वेळ साधलीस."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि तशीच बोटं चालली. पाच मिनिटांत ताईची जागा पक्की झाली, कागद छापून आला, शिक्का पडला. जोडप्याची हुज्जत चालूच होती.

दुपारी डबा उघडला आणि पहिला घास तोंडात घेतल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते. ती डबा तसाच टाकून वर मालकाकडे गेली. म्हणाली, माझ्या सख्ख्या बहिणीचं आहे, तारीख फेब्रुवारीत ढकला. मालकाने एक शेंग फोडली. तारीख बदलत नाही, हॉटेलवाले खोल्या घाऊक देतात, हे तुम्हीच बावीस वर्षं लोकांना सांगताय ना, म्हणाला. तिने हात जोडले, तिला त्या वासाचा त्रास होईल म्हणाली. तेव्हा तो हसला.

"का? तुमच्या ताईंचं नाक काय वेगळं आहे?"

ती खाली आली. मालकाची किळस आली, हे खरं. पण जिना उतरता उतरता तिने तोच प्रश्न स्वतःला विचारला. ऑगस्टमध्ये आपण आजवर ज्यांना पाठवलं त्यांना नाकं नव्हती काय? मग तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली, की ती मोरीत जाऊन चूळ भरत राहिली.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. ठरवूनच गेली: सरळ सांगायचं, पैसे बुडाले तर आपल्या पगारातून भरायचे. दारातच ताईने डोक्यावर भलीमोठी गवती टोपी घालून दाखवली. धुलाईघरातल्या बायकांनी वर्गणी काढून दिली होती. ताई आरशात बघत होती, टोपी तिरकी करत होती, सरळ करत होती. पन्नाशी उलटलेली बाई, पण त्या टोपीखाली तिचा चेहरा पोरसवदा दिसत होता. वासाचा डाग नसलेली हवा, आणि ती हवा आपल्या धाकटीने शोधून दिली, ह्याचंच तिला कौतुक. बायकांना तिने सांगून ठेवलं होतं, माझी बहीण त्यातलीच जाणकार आहे, तिने ऑगस्ट म्हटलं म्हणजे ऑगस्ट.

तीन नंबर म्हणाली, "टोपी छान आहे." आणि चहा पिऊन घरी आली.

मग सुरू झाली स्वतःची समजूत. यंदा गवत येणारही नाही कदाचित. वारा फिरला तर ते पलीकडच्या किनाऱ्याला लागतं. आणि ताईला तर वासाची सवय आहे. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची तेवढी बाकी ठेवली. निघायच्या तीन दिवस आधी तिने हॉटेलात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, यंदा कंबरेएवढं आहे, ट्रॅक्टरच रुतून बसलाय. त्यावर बाईने काय करावं? ताईला फोन करून सांगितलं, की नाकाला धरायला एक मोठा रुमाल जवळ ठेव, विमानात एसी जोरात असतो. एक खोटं पुरलं नाही, म्हणून त्यावर दुसरं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते उगीच नाही.

ताई गेली. आठ दिवस तीन नंबरने फोन केला नाही, आणि ताईचाही आला नाही. ताई परत आल्यानंतरच्या रविवारी सकाळी धाकटी धीर करून तिच्याकडे गेली.

ताई मोरीत बसून कपडे धूत होती. आल्यापासून तिसऱ्यांदा, म्हणाली, वास जात नाही. आणि चौतीस वर्षं असलेनसलेले सगळे डाग काढलेली ही बाई. डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता. धाकटीला बघून मात्र ती नेहमीसारखी उठली, हात पुसले, खुर्ची पुढे केली. बेटाबद्दल तिने दोनच वाक्यांत सांगितलं: घाण होती, पहिले दोन दिवस बसले बाहेर, मग खिडक्या लावून खोलीतच राहिले. आणि वर धाकटीचीच समजूत काढायला लागली, की तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला इथे बसून काय कळणार तिकडचं.

"एक मात्र झालं," ताई म्हणाली. "जेवणाच्या हॉलमध्ये एक माणूस होता. टक्कल, गालावर मोठा तीळ. त्याची बायको त्या गवतावरून घसरून पडली, हात मोडला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, की तिकिटं विकणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं आणि तरी ते विकतात. मी उठले. म्हटलं, माझी बहीण तिथेच बसते. तिला ठाऊक असतं तर तिने मला पाठवलंच नसतं. तुम्ही खोटारडे आहात. बिचारा बायकोला घेऊन जेवण टाकून निघून गेला."

भांडण काय असतं हे ताईला ठाऊक नव्हतं. आयुष्यात एकदा भांडली, तीही हिच्यासाठी. आणि तो तिळाचा माणूस तीन नंबरला चांगला आठवत होता. जूनमध्ये तीनदा येऊन त्याने विचारलं होतं, ऑगस्ट नक्की चांगला ना. आणि तीनदा तिने नक्की म्हटलं होतं.

"ताई, मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

ताईला आधी कळलंच नाही. मग ती हळूहळू खाली बसली.

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही."

"टोपी बघून गेलीस तेव्हा?"

"तेव्हाही."

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. चादर हातात घेऊन हा डाग निघेल की नाही हे बघावं, तशी ती धाकटीकडे बघत राहिली. धाकटीला वाटलं, आता विचारील, का केलंस. त्याचं उत्तर तिने आठ दिवस जुळवून ठेवलं होतं. पण ताईने ते विचारलंच नाही.

"त्या माणसाला मी खोटारडा म्हणाले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्याच्या बायकोचा हात मोडलेला होता, आणि मी त्याला खोटारडा म्हणाले. आता त्याला कुठे शोधू?"

"पत्ता आहे माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "तिकीट मीच विकलंय त्याला."

ताईने नळ बंद केला. ओल्या कपड्यांची बादली कोपऱ्यात सरकवली, पदर खोचलेला होता तो सोडला, आणि किल्ली घेतली.

"चल, चप्पल घाल," ती म्हणाली. "माझी माफी मी मागेन. तुझं तू बघ."